संगणकाचा आवाज मध्येच जातो, तुटतो, खरखरतो: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

घरच्या संगणकाचा आवाज कायमचा बंद पडला, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते; एखादा बदल केला की आवाज आला की नाही, हे लगेच कळते. आवाज कधी येतो, कधी जातो आणि दुरुस्ती करणारा समोर बसला की नेमका सुरळीत चालतो, तेव्हा मात्र केलेल्या उपायाचा गुण आला की दोषच काही काळ दबला, हे ठरवता येत नाही. पुण्यात नात्यातल्या आणि शेजारच्या घरांतले असे संगणक मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. बहुतेक ठिकाणी मी पोहोचेपर्यंत ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) बदलून झालेले असतात, काही ठिकाणी तर विंडोजही नव्याने टाकलेली असते, आणि दोष एखाद्या पिनमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो. म्हणून खालच्या तपासण्या बिनखर्चाच्या आणि दोन मिनिटांच्या कामापासून सुरू होतात आणि अवघड कामांकडे जातात. मेनूंची नावे विंडोज ११ मधील आहेत. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी अनेक घरांत ती अजून चालू आहे. तिथे हीच सेटिंग्ज थोड्या वेगळ्या जागी सापडतील.

आधी लक्षणे ओळखा

‘आवाजाचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्या वर्णनावरून काहीच कळत नाही. माझ्या पाहण्यात या तक्रारी पाच प्रकारच्या असतात आणि त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी निघतात.

आवाज एकदम नाहीसा होतो. व्हिडिओ चालू असतो, व्हॉल्यूम मिक्सरमधील पट्टी हलताना दिसते, पण स्पीकर गप्प असतात, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर किंवा मॉनिटर बंद-चालू केल्यावर आवाज परत येतो. अशा वेळी आवाज तयार होत असतो. तो दुसऱ्याच उपकरणाकडे जात असतो किंवा वाटेत तुटत असतो.

आवाज तुटक येतो. बोलण्याच्या मध्ये टक्‌टक्‌ ऐकू येते, गाण्याचा एखादा तुकडा गळतो किंवा स्वर क्षणभर यांत्रिक होतो, आणि हे बहुधा संगणकावर ताण असताना घडते.

आवाज एकाच बाजूने येतो किंवा पोकळ होतो. या पोकळ आवाजात वाद्ये ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा गळा जवळजवळ पुसला जातो. हे लक्षण फार उपयोगी आहे. त्याचा खुलासा पुढे केला आहे.

मागे सतत ‘हूं’ असा आवाज असतो, किंवा माउस हलवला की चिरचिर होते.

आणि शेवटचा प्रकार: ऑनलाइन कॉल सुरू होताच बाकीचा आवाज दबतो, किंवा ब्लूटूथ हेडफोनमधील संगीत जुन्या टेलिफोनसारखे येऊ लागते.

एक गोष्ट दोषात धरू नये. बराच वेळ शांतता असल्यानंतर काही लावले की पहिले अक्षर गिळले जाते आणि पुढचे सगळे नीट ऐकू येते, असे एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर आणि काही साउंड कार्डांवर (संगणकातला आवाज वाजवणारा भाग) होते. वीज वाचवण्यासाठी झोपलेले उपकरण जागे व्हायला क्षणभर घेते, इतकेच.

चार दिवसांची नोंद

काहीही उघडण्याआधी एक कागद संगणकाशेजारी ठेवावा. दोष दिसला की वेळ, चालू असलेला प्रोग्राम, स्पीकर चालू होते की हेडफोन, चार्जर जोडलेला होता का, आणि घरात नुकतेच काय सुरू झाले (मिक्सर, पंप, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर) हे लिहावे. ही नोंद ठेवायला लोक कंटाळतात, पण माझ्या मते अधूनमधून येणाऱ्या दोषात याहून मोठा पुरावा मिळत नाही. फक्त चार्जर लावल्यावर येणारी गुणगुण विजेच्या बाजूची असते. संगणक तापल्यावर सुरू होणारी टक्‌टक्‌ ताणाची असते. टेबलाला धक्का लागल्यावर जाणारा आवाज पिनचा असतो. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा आणि दोष आधी जितक्या वेळात दिसत असे, त्याच्या दुप्पट वेळ तरी वाट पाहावी. दोन बदल एकत्र केले आणि आवाज सुधारला, तर कोणत्या बदलाने सुधारला हे कळत नाही, आणि दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पिन, वायर आणि जॅक

संगणक सुरू ठेवून, एखादे गाणे लावून, स्पीकरची वायर पिनजवळ हलकेच वाकवून पाहावी. मग हेच वायरच्या दुसऱ्या टोकाला करावे. वायर तुटते ती बहुधा पिनच्या मानेपाशी, कारण प्रत्येक वेळी वाकते ती तीच जागा. आवाज गेला-आला, तर निदान झाले. नवी वायर स्वस्त असते आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कोणत्याही लांबीची मिळते.

वायर ठीक असेल तर पिन पूर्ण बसली आहे का ते पाहावे. ३.५ मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ पिनवर तीन भाग असतात: टोकाला डावा आवाज, मधल्या पट्टीवर उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक वाट, म्हणजे ग्राउंड. हेडफोनमध्ये ही सामाईक वाट तुटली, तर डावा आणि उजवा स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांच्यातून दोन्ही बाजूंच्या आवाजांमधला फक्त फरक वाहतो. गायकाचा गळा ध्वनिमुद्रणात बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि बाजूला मांडलेली वाद्ये तेवढी उरतात. गाणे ऐकू येते पण गाणारा ऐकू येत नाही, अशी तक्रार आली की मी सेटिंग्ज उघडतही नाही. आधी पिन पाहतो.

हेच लक्षण मोबाइलचा माइक असलेला हेडसेट संगणकाला लावल्यावरही दिसू शकते. त्याच्या पिनवर तीनऐवजी चार भाग असतात आणि काही जॅकमध्ये ग्राउंडचा स्पर्श चुकीच्या पट्टीवर पडतो. हेडसेटच्या वायरवरील बटण दाबून धरल्यावर गळा ऐकू येऊ लागला, तर कारण हेच आहे. यासाठी हेडफोन आणि माइक वेगळे करणारा स्प्लिटर मिळतो. तो लावल्यावर जॅक बदलण्याची गरज उरत नाही.

एकाच बाजूने आवाज येत असेल, तर स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या आणि उजव्या जोडण्या आपसांत बदलाव्यात. गप्प बाजू बदलली तर दोष संगणकात किंवा वायरमध्ये आहे. तीच बाजू गप्प राहिली तर तो स्पीकरमध्ये आहे. त्याच वेळी सेटिंग्जमधील डावी-उजवी पातळी सारखी आहे ना, हेही पाहून घ्यावे.

डेस्कटॉप संगणकात पुढच्या बाजूचा जॅक हा नेहमीचा संशयित असतो. तिथून मदरबोर्डापर्यंत, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत, कॅबिनेटच्या आतून एक लांब वायर जाते, ती इतर वायरींच्या शेजारून जाते, आणि रोज पिन घालून-काढून तो जॅक सैलही होतो. माउस हलवल्यावर होणारी चिरचिर आणि ‘नवे उपकरण जोडले’ असा वारंवार येणारा संदेश, दोन्ही इथून येऊ शकतात. पिन काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घालावी आणि दोन दिवस तसेच वापरावे. दोष गेला, तर पुढचा जॅक वापरणे सोडून द्यावे. तो दुरुस्त करण्याइतका महत्त्वाचा क्वचितच असतो. पुढे काहीही न लावता मागचा आवाज जात असेल, तर पुढच्या जॅकला पिन लागल्याचा खोटा भास होत असू शकतो. साउंडच्या चिप बनवणाऱ्या रिअलटेक कंपनीच्या प्रोग्राममध्ये पुढच्या जॅकची ही ओळख बंद करण्याची सोय अनेक संगणकांवर असते.

पावसाळ्यात या तक्रारी वाढतात. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने पिनवर आणि जॅकच्या पात्यांवर पातळ थर धरतो आणि त्यावर बांधकामाची धूळ बसते. संगणक बंद करून पिन कोरड्या सुती कापडाने पुसावी आणि जॅकमध्ये काही वेळा घालून-काढून पात्यांवरचा थर घासू द्यावा. स्पीकरवरील आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर स्पीकरचा प्लग काढून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवावे. आतल्या पट्टीवरची धूळ बाजूला होते आणि निदान काही महिने तरी आराम पडतो. जॅकमध्ये तेल, पाणी किंवा घरातला अत्तराचा फवारा मुळीच घालू नये.

आवाज कोणत्या दिशेने जातो आहे

मॉनिटर एचडीएमआयने किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेला असेल, तर विंडोज त्यालाही आवाजाचे उपकरण मानते, त्याला स्पीकर असोत वा नसोत. मॉनिटर झोपून जागा झाला, की विंडोज कधी कधी आवाज त्याच्याकडे वळवते. वापरणाऱ्याला मात्र स्पीकर बिघडल्यासारखे वाटते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबल्या, की आवाज कुठे जात आहे ते दिसते आणि तिथेच बदलता येते. वारंवार असे होत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडावे, मॉनिटरच्या नावावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे आणि आपल्या स्पीकरला ‘डिफॉल्ट’ करावे. मॉनिटरमधूनच आवाज ऐकत असाल, तर अर्थातच हे करू नये.

त्यानंतर व्हॉल्यूम मिक्सर पाहावा. तिथे प्रत्येक प्रोग्रामचा आवाज आणि त्याचे उपकरण वेगळे ठरवता येते. ब्राउझरचा आवाज एकदा हेडफोनकडे वळवला गेला असेल, तर हेडफोन काढल्यावर तो अनपेक्षित वागतो. ‘रीसेट’ दाबून सर्व प्रोग्राम मूळ जागी आणावेत.

कॉल सुरू होताच बाकीचा आवाज दबत असेल, तर तो बिघाड नाही. विंडोजने हे मुद्दाम ठेवले आहे. ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मधील ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर, कॉलच्या वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, असा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तिथे ‘डू नथिंग’ निवडले की तक्रार संपते. मुलांचा तास एका खिडकीत आणि शिक्षकांनी पाठवलेला व्हिडिओ दुसऱ्या खिडकीत अशा घरांत या एका सेटिंगने फार त्रास दिलेला मी पाहिला आहे.

दोष एकाच प्रोग्राममध्ये येतो की सगळ्यांत, याची खात्री इथेच करून घ्यावी. संगणकात साठवलेले गाणे नीट वाजते आणि फक्त ब्राउझरमधला आवाज तुटतो, तर संशय इंटरनेटवर किंवा ब्राउझरवर घ्यावा, साउंड कार्डावर नव्हे.

ब्लूटूथ असेल तर

ब्लूटूथ आणि वायफायचा जुना पट्टा, दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गळती करतो. कोथरूडच्या किंवा औंधच्या एखाद्या इमारतीत वायफायची यादी उघडली, की शेजाऱ्यांचे किती राउटर दिसतात ते पाहावे. ते सगळे हवेत एकमेकांना ढकलत असतात. आपला संगणक राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाला जोडल्यास निदान आपल्याच घरातली टक्कर टळते.

डेस्कटॉपला मागे ब्लूटूथचा छोटा डोंगल लावलेला असेल आणि त्याच्या शेजारच्या यूएसबी ३ च्या जागेत बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर आवाज तुटण्याचे कारण बहुधा तेच असते. यूएसबी ३ च्या वेगवान वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणून ठेवावा. हा उपाय इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, पण ब्लूटूथच्या तक्रारींत मी आधी हाच करून पाहतो.

कॉलमध्ये संगीत टेलिफोनसारखे होते, त्याचे कारण वेगळे आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगल्या दर्जाचे स्टिरिओ ऐकणे आणि त्याच हेडफोनचा माइक वापरणे, या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत; माइक सुरू होताच हेडफोन कमी दर्जाच्या, एकेरी आवाजाच्या पद्धतीवर जातो. कॉलच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा, म्हणजे हेडफोन स्टिरिओतच राहतो.

ताण, उष्णता आणि उशीर

तुटक आवाजाचे मूळ समजून घेतले, तर पुढच्या तपासण्या आपोआप उलगडतात. साउंड कार्ड ठरलेल्या गतीने आवाजाचे नमुने (सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) वाजवत असते, बहुधा सेकंदाला ४८,००० किंवा ४४,१००. विंडोज हे नमुने साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुरवते, म्हणजे ४८,००० च्या गतीला एका तुकड्यात ४८० नमुने. गच्चीवरची टाकी रिकामी होण्याआधी खालचा पंप सुरू झाला नाही, तर नळाचे पाणी तुटते, तसेच इथे घडते: प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकून पुढचा तुकडा द्यायला उशीर झाला, की आवाजात टक्‌ असा खंड पडतो. प्रोसेसर वेगवान असूनही हे होऊ शकते, कारण इथे एकूण वेगापेक्षा वेळेवर हजर राहणे महत्त्वाचे असते.

पहिली तपासणी उष्णतेची. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तर खालच्या जाळ्या बंद होतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःची गती कमी करतो. लॅपटॉप टेबलावर ठेवावा, जाळ्यांतील धूळ बंद स्थितीत मऊ ब्रशने काढावी, आणि सेटिंग्जमधील ‘पॉवर मोड’ तात्पुरता ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवून पाहावा. टास्क मॅनेजर उघडून दोषाच्या वेळी प्रोसेसर किंवा डिस्क १०० टक्क्यांना टेकते का, तेही पाहावे. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकांत विंडोजचे अपडेट मागे चालू असताना डिस्क पूर्ण व्यापलेली सापडते.

मग वायफाय दहा मिनिटे बंद करून साठवलेले गाणे ऐकावे. वायफाय बंद असताना टक्‌टक्‌ पूर्ण थांबली, तर वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरत आहे आणि अपडेट त्याचे करायला हवे, साउंडचे नव्हे. याच कामासाठी लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे, घरगुती वापरासाठी मोफत. तो सुरू ठेवून नेहमीचे काम करावे. कोणता ड्रायव्हर किती वेळ प्रोसेसर अडवतो, ते तो नावानिशी दाखवतो. बहुतेक वेळा तिथे नेटवर्कच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव येते. एखादाच आकडा लाल दिसला म्हणून घाबरू नये. आवाज तुटला त्याच क्षणी कोणते नाव वर आले, तेवढे लिहून ठेवावे.

‘मोअर साउंड सेटिंग्ज’मध्ये आपल्या स्पीकरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून तीन गोष्टी एकेक करून बदलून पाहता येतात. ‘एन्हान्समेंट्स’ बंद करावेत, कारण आवाज ‘सुधारणारी’ ही गाळणीच कधी कधी तो अडखळवते. ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ची खूण काढावी, म्हणजे एक प्रोग्राम साउंड कार्ड स्वतःकडे घेऊन इतरांना गप्प करू शकत नाही. आणि नमुन्यांची गती फार वर ठेवलेली असेल तर ती ४८,००० वर आणावी. घरगुती ऐकण्यात वरच्या गतीने कानाला काही लाभ होत नाही.

यूएसबीचे स्पीकर आणि हेडसेट

यूएसबी २ च्या एका जागेतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या जागेतून ९०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह मिळावा, असे प्रमाण आहे. वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबवर माउस, हार्ड डिस्क आणि स्पीकर एकत्र लावले, तर एवढ्यातच सगळ्यांना भागवावे लागते आणि आवाज वाढवला की स्पीकर क्षणभर सुटतो. स्पीकर थेट संगणकाला जोडावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील सर्व उपकरणांची यादी) यूएसबी हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी असते; तिची खूण काढावी.

ड्रायव्हर

आतापर्यंतच्या तपासण्यांतून काही हाती आले नसेल, तेव्हाच इथे यावे. आधी विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘विंडोज ऑडिओ’ पुन्हा सुरू करून पाहावे. आवाज गेलेला असताना एवढ्याने तो परतला, तर दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे, हे निश्चित होते. एखाद्या अपडेटनंतर तक्रार सुरू झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते बटण फिकट दिसले, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या उत्पादकाच्या अधिकृत पानावरून, नेमका मॉडेल क्रमांक पाहून, ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे म्हणणारे प्रोग्राम टाळावेत. त्यांनी चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर घातलेला मला पुन्हा पुन्हा काढावा लागला आहे. मायक्रोसॉफ्टचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा ड्रायव्हरही यादीतून निवडून पाहता येतो. त्यात सोयी कमी असतात, पण तो चालला तर दोष उत्पादकाच्या ड्रायव्हरमध्ये होता, हे कळते.

दोष यंत्रात की विंडोजमध्ये

विंडोज नव्याने टाकण्याआधी एक संध्याकाळ या प्रयोगाला द्यावी. पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा तत्सम लिनक्स घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा, ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा आणि दोन तास गाणी ऐकावीत. यात डिस्कवर काहीही बदलत नाही. फक्त ‘इन्स्टॉल’ दाबू नये. तिथेही आवाज तसाच तुटला, तर विंडोज निर्दोष आहे आणि ती पुन्हा टाकणे व्यर्थ आहे.

दोष साउंड कार्डातच ठरला, तर मदरबोर्ड दुरुस्त करण्याआधी यूएसबीचे छोटे साउंड कार्ड घ्यावे. ते काही शे रुपयांत मिळते आणि मदरबोर्डवरील संपूर्ण आवाजाची वाट टाळून जाते. घरगुती वापराला ते पुरेसे असते, आणि मी त्याला तडजोड मानत नाही. माझ्या मते जुन्या डेस्कटॉपसाठी हाच योग्य उपाय आहे.

सतत येणारी ‘हूं’ आणि घरातले अर्थिंग

ज्यांची तक्रार गुणगुणीची आहे, त्यांनी लक्षणे वाचून थेट इथे यायला हरकत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे. म्हणून विजेतून शिरलेली गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्‌झच्या खर्जात ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली, तर संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेले आहेत आणि त्या दोन वाटांमधून फिरणारा सूक्ष्म प्रवाह आवाजाच्या वायरमध्ये शिरत आहे. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत. स्पीकर टीव्हीलाही जोडलेले असतील, तर केबलची वायर काही क्षण काढून पाहावी, कारण तिचे बाहेरचे कवच इमारतीबाहेर दुसरीकडेच जमिनीला जोडलेले असू शकते. गुणगुण केबल काढल्यावर थांबली, तर जमिनीच्या दोन वाटांमधला हा फेरा तोडणारा, आवाजाच्या वायरीत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो.

कोणी सांगितले तरी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू किंवा तोडू नये. तसे केल्याने गुणगुण जाऊही शकते. पण आत दोष झाल्यास संगणकाचा धातूचा भाग जिवंत होईल आणि वीज जमिनीत जाण्याऐवजी माणसातून जाईल.

कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग पोहोचत नाही, असे समजावे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे धातूचे कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगते. प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून झिणझिण्याच येतात. पेठांतल्या जुन्या घरांत दोन पिनांचे जुने वायरिंग असते आणि नंतर बसवलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर कधी कधी जोडलेलीच नसते. नव्या इमारतीतही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या खाली काळा कातळ आहे आणि कातळाचा विद्युतरोध मातीपेक्षा जास्त असतो. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तो आणखी वाढतो. उन्हाळ्यात वाढणारी आणि पावसाळ्यात कमी होणारी गुणगुण तुमच्या नोंदीत दिसली, तर सोसायटीच्या समितीला खड्ड्याची देखभाल करायला सांगावे.

गुणगुण फक्त गुरुवारी, देखभालीसाठी वीज बंद असताना येत असेल, तर आधी इन्व्हर्टर पाहावा. स्वस्त इन्व्हर्टरमधून शुद्ध साइन वेव्हऐवजी (घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरीऐवजी) चौकोनी पद्धतीची वीज येते आणि तिच्यातला गोंगाट स्पीकरमध्ये शिरतो. वीज परतल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही.

कुठे थांबावे

जळका वास आला, प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागले, किंवा झिणझिण्या येत राहिल्या, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. अर्थिंगची मोजणी त्याच्या यंत्राने होते. बल्ब पेटवून पाहण्याने होत नाही.

अडॅप्टर नसलेले, थेट भिंतीच्या सॉकेटला लागणारे स्पीकर उघडू नयेत. सुरू केल्यावर आवाज यायला वेळ लागतो आणि गुणगुण महिन्यागणिक वाढते, तेव्हा आतले फिल्टरचे कपॅसिटर फुगलेले असण्याचा संभव मोठा असतो, पण ते बदलणे जाणत्याचे काम आहे. प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहू शकते.

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडले असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल (आत बॅटरी फुगल्याचे ते लक्षण असते), जॅक मदरबोर्डवरून हलत असेल किंवा यंत्र अजून वॉरंटीत असेल, तरीही स्क्रू काढू नयेत. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप चार्जिंगलाही लावू नये.

दुकानात जाताना नोंदीचा कागद सोबत न्यावा आणि लिनक्सवर आवाज कसा आला, यूएसबी कार्डावर कसा आला, हे आधी सांगावे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत घरी काढून ठेवावी. तपासणीआधीच कोणी फॉरमॅट सुचवू लागले, तर दोष यंत्रात नसून विंडोजमध्ये आहे हे कशावरून ठरवले, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही तर यंत्र परत घेऊन यावे. भाग बदलला, तर जुना भाग मागून घ्यावा, आणि यंत्र ताब्यात घेण्याआधी, ज्या प्रसंगी दोष येत असे तोच प्रसंग, म्हणजे तोच प्रोग्राम, तेच हेडफोन आणि जोडलेला चार्जर, दुकानातच उभा करून अर्धा तास ऐकून पाहावे.